पुढे मामा, मागे मामी

शेवंतामामीला विचारा, की मामांचं सगळ्यात ओळखीचं काय? ती क्षणभरही न थांबता म्हणते, "पाठ."

वर पुरावेही देते. डाव्या खांद्याखाली मस आहे. सदरा मानेपाशी आधी विरतो. केस मागून आधी पिकले, पुढून नंतर. "तोंडाचं काय, ते जेवताना दिसतं," मामी म्हणते, "आन तेबी ताटाकडी असतं."

यात लीलाधरमामांचा दोष आहे असं म्हणणं जरा अन्यायाचं होईल. दोष केळीचा आहे. यावलच्या पट्ट्यात मामांचं गाव, घराला चहूकडून केळीच्या बागा. केळीच्या दोन ओळींमधून दोन माणसं शेजारी शेजारी चालूच शकत नाहीत. एकाने पुढे व्हायचं, हाताने पान बाजूला सारायचं, पायाखाली काही वळवळत नाही ना ते बघायचं. दुसऱ्याने त्याच्या पाठीलाच वाट मानून मागे यायचं. बोलणार कोण? पुढचा. कारण त्याचं तोंड मोकळ्या दिशेला. मागच्याने "हं" म्हणायचं. पुढच्याने वळून बघायचं तर सोयच नाही, सारलेलं पान फाडकन थोबाडावर बसतं.

मामा लहानपणापासून असे चालले. पुढे त्यांना यावलला सरकारी कचेरीत नोकरी लागली, बागेचं काम थोरल्या भावाकडे, आबांकडे गेलं, पण चाल काही बागेतून बाहेर आली नाही. रस्त्यावर तशीच, लग्नकार्यात तशीच, दवाखान्यात तशीच. मामी पोटुशी असताना मामा तपासणीला तिच्याआधी आत जाऊन बसले होते आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं होतं, "बोला, काय होतंय?"

गावात कुणाला यात काही वावगं दिसलं नाही. सगळेच तसे. आणि एकत्र कुटुंबात नवरा-बायकोने जोडीने चाललेलं बरंही दिसत नसे. मग निवृत्ती अगदी दारात आलेली असताना मामांची बदली झाली थेट साक्रीला.

साक्री काही विलायत नव्हे. पण यावलच्या माणसाला विचाराल तर आहे. केळी नाही, पाट नाही. चहूकडे बोडके डोंगर, बाजरी आणि कांदा, आणि लोक बोलतात अहिराणी. मामीला वाटायचं, सगळे आपल्याशी भांडतायत. ते बिचारे चहाला बोलवत असायचे.

मामी बरोबर गेली कारण मामांना गॅस पेटवता येत नाही. मुलगा ललित आणि सून रूपाली गावी बागेपाशी राहिले. साक्रीत दोन खोल्या, दोन माणसं. शनिवार-रविवार सुट्टी. पहिल्या रविवारी मामीने डबे घासले. दुसऱ्या रविवारी घासलेले डबे घासले. घरमालक धनसिंगभाऊ ओट्यावर बसून हे बघत होते.

"आबा," तिकडे वडीलधाऱ्याला म्हणतात तसं ते मामांना म्हणाले, "सुट्टीना दिन घरमा काय करी ऱ्हायनात? आक्काले संगे लई फिराले जा ना!"

"कुठी?"

"कथाबी जा! आते तं कशी झकास हवा शे."

खरंच होती. दसरा होऊन गेला होता, उन्हाचा चटका कमी झाला होता, डोंगरांवरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. मामीने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली, ठेवणीतलं निळं लुगडं नेसली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती दोघं, फक्त दोघंच, कुणाच्या लग्नाला नाही, मयताला नाही, दवाखान्यात नाही, अशी घराबाहेर पडली.

म्हणजे मामा पडले. मामी कुलूप लावत होती.

पहिली सहल पिंपळनेरच्या पुढच्या एका गावच्या बाजाराला. मामा गर्दीत शिरले आणि त्यांना केळीवाला दिसला. मग काय!

"पाह्य, हे केळं! याले केळं म्हनतात? हे पिकवलं नाई, याले धाक दाखवून पिवळं केलं हाये. आपल्याकडी असं केळं ढोराले टाकत नाई आपन. हो का नाई?"

मागून आवाज आला, "हं."

"आन हे पाह्य, साल कशी जाड! आपला माल कसा असतो?"

"हं."

असं केळीवाल्यापासून कांदेवाल्यापर्यंत, कांदेवाल्यापासून बोंबीलवाल्यापर्यंत गेलं. मामांना फार समाधान वाटत होतं. संसार म्हणजे हाच. शेवटी एसटी दिसली तेव्हा त्यांनी मायेने, न वळता, मागे हात केला. "दे ती पिशवी. दमली असशीन." मागच्या हातातली पिशवी घेतली आणि तरातरा गाडीकडे निघाले.

"ओ दादा! ओ! मन्ही थैली कथा लई चालनात?"

मामा वळले. एक धिप्पाड बाई, हिरवं लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. बाजारात पुढे जायला वाट मिळेना म्हणून ती बिचारी मामांच्या मागून चालत होती, आणि म्हातारा माणूस काही विचारतोय तर उत्तर द्यावं म्हणून "हं" म्हणत होती.

"चोर शे, चोर! लसूण लई चालना मन्हा!"

सगळा बाजार गोळा झाला. मामा घामाघूम. "बाई, मी चोर नाई, सरकारी मानूस हाये." हे ऐकून गर्दी आणखी जवळ आली. तेवढ्यात मामांना बांगड्यांच्या दुकानापाशी निळं लुगडं दिसलं. मामी शांतपणे शेंगा सोलून खात होती.

"ती पाहा! ती माही बायको! विचारा तिले!"

सगळा बाजार मामीकडे वळला. मामीने मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मी नाई वळखत या मानसाले," ती म्हणाली, "वळवा बरं, पाठ दाखवा."

आणि लोकांनी खरोखर मामांना धरून वळवलं.

"हां," मामी म्हणाली, "हाये. माहेच हायेत."

दुसरी सहल भामेरच्या किल्ल्याची. तिथे गर्दी नाही, म्हणून मामा निर्धास्त होते. त्यांनी पायथ्याची पाटी वाचली, ती पाठ केली, आणि चढता चढता मामीला इतिहास सांगायला घेतला. पाटीवरचा इतिहास अर्ध्या चढावर संपला, म्हणून पुढचा मनाने रचला. त्यात दोन राजे, एक राणी आणि मामांचे पणजोबा होते. वर पोचल्यावर वारा सुटला होता, खाली पिवळी शेतं, लांब कुठे पाणी चमकत होतं. मामांना एकदम भरून आलं.

"आयुष्यभर घरातच राह्यलीस तू," ते दूरवर बघत म्हणाले. "मी तुले कुठी नेलं नाई. मले कळतं ते. बोलत नाई मी, पन कळतं. आता तूच सांग, कसं वाटलं?"

"बें," मागून आवाज आला.

शेळी होती. मामांच्या पिशवीतली भाकरी अर्धी तिच्या तोंडात होती.

मामी खाली होती. पायथ्याच्या शेतात बायका भुईमूग उपटत होत्या, तिच्या चपलेचा अंगठा तुटला, ती "अहो, थांबा" म्हणाली, मामा पहिल्या राजाच्या लढाईत होते. मग ती बायकांत जाऊन बसली. अर्धा दिवस तिने शेंगा तोडल्या, कुणाची सून कशी ते ऐकलं. शब्द कळले नाहीत, सून बरोबर कळली.

मामा धापा टाकत उतरले. आपण वर काय बोललो ते पुन्हा सांगायची त्यांना लाज वाटली, म्हणून ते म्हणाले, "वर काही खास नव्हतं."

परतीच्या एसटीत मामी खिडकीबाहेर बघत होती. साक्री जवळ आल्यावर बोलली.

"दिवाळीले घरी जायचं हाये ना?"

"जायचं ना."

"मंग भाऊबीज झाली की तुमी एकटे या इकडी. मी नाई येनार."

मामांना आधी वाटलं, थट्टा आहे.

"तिथी घर भरलेलं हाये. ललित हाये, रूपाली हाये, जाऊबाई हायेत. तिथी तुमी पुढी गेले तर मागी कोनी ना कोनी असतं माह्यासंगे. इथी तुमी पुढी गेले की मागी मी आन चप्पल. तुमचं रिटायर होईपर्यंत तुमी राहा, मी तिकडी राह्यते."

"आन माह्यं जेवन?"

ही चूक झाली. मामा ती अजूनही कबूल करतात. मामीने खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाली, "दिवाळीच्या आधी एक रविवार हाये. एक सहल. निघताना दोघं, पोचताना दोघं, वाटंत दोघं. जमलं तर पाहू."

धनसिंगभाऊंना हे कळायला वेळ लागला नाही, घरी आल्यावरही विषय तोच होता आणि दोन्ही घरांमध्ये एकच भिंत होती. दुसऱ्याच संध्याकाळी त्यांनी मामांची तालीम सुरू केली. स्वतः ओट्यावर बसले. मामा-मामी समोरच्या रस्त्यावर.

"हां, चाला! जोडे जोडे! आबा, मव्हरे निंघी गयात! मांगे या!"

मामा मागे आले.

"आते आक्का मव्हरे गयी! आबा, मव्हरे या! ज्यादा झालं! मांगे!"

मामा मोटारसायकल गिअरमध्ये अडकावी तसे पुढेमागे होत होते. शेवटी एकदाचे शेजारी आले. शेजारी चालायला लागले. आणि गप्प झाले.

"बोला ना काही," मामी म्हणाली.

"काय बोलू?"

"जे रोज बोलता ते. केळं, पानी, आबा, ललित."

मामांनी मामीकडे बघितलं, पुन्हा रस्त्याकडे. "तू दिसाले लागली की आठवत नाई."

मामी म्हणते, तिला हसू आलं आणि कानही तापले, आणि हे दोन्ही एकदम होऊ शकतं हे तिला तोवर माहीत नव्हतं. ओट्यावरून धनसिंगभाऊ ओरडले, "आबा! चालनं बंद कर्यं का?"

तीन-चार संध्याकाळी झाल्या, पण मामांचे पाय काही ऐकेनात. बोलायला लागले की पुढे जात, मागे राहिले की मुके होत. रविवार आला. सकाळी मामा खांद्यावर उपरणं टाकून, चेहऱ्यावर निर्धार आणून उभे राहिले.

"बांध मले."

"काय?"

"तुह्या पदराले बांध. पूजेले बसताना बांधतात तसं. मंग कुठी जाईन?"

मामीने विचार केला आणि पक्की गाठ मारली. नवरदेव-नवरीसारखी ती दोघं निघाली. एसटीत दोघांना एकत्रच चढायचं होतं, दार अरुंद, मामा आडवे चढले. वाहकाने दोघांना बघून विचारलं, "कुठे, देवीला का?" मामा घाईने "हो" म्हणून गेले. तिकीट फाडून झालं होतं, तेव्हा मामा-मामी डोंगरातल्या एका देवीच्या गावाला निघाले.

गाव लहान. खाली भाताची खाचरं, पिकायला आलेली, आणि वर टेकडीवर देऊळ. मामीने भात उभा असा पहिल्यांदाच पाहिला. "अहो, गवताले पानी काब्रं भरलं यांनी?" मामांना तिच्याकडे बघून उत्तर द्यावं लागलं, आणि उत्तर येत नव्हतं, म्हणून "मालूम नाई" म्हणाले. लग्नापासून मामांनी उच्चारलेलं हे पहिलं "मालूम नाई" होतं. मामी खूश झाली.

हौदापाशी बायका धुणं धूत होत्या. गाठ बघून त्या उठल्याच.

"नवस फेडाले उनात का, ताई?"

मामीला आता थोडी अहिराणी कळत होती. "फेडाले नाई," ती म्हणाली, "बोलाले."

"कसाना नवस शे?"

"या मानसाने शेजारी चालावं म्हनून. आयुष्यभर पुढीच चालले. म्हनून बांधून आनलं."

एका बाईने हातातलं लुगडं पिळायचं सोडलं. "मन्हा बी असाच शे वं माय! कथाबी जावो, नुसता मव्हरे पयस!"

"आन मन्हा? मी पडनू तरी मालूम नही पडस त्याले!"

"बांधी लेवो ना मंग!"

यापुढे जे झालं त्यावर मामांचा काही ताबा राहिला नाही. त्या बायका पारावर गेल्या. पारावर गावचे पुरुष तंबाखू मळत बसले होते. पहिली बाई लोटन नावाच्या आपल्या नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला.

"उठा! देवीले जानं शे."

"आज? काय सण शे?"

"उठा म्हंते ना!" आणि गाठ मारलीसुद्धा.

"अवं, मी काय बैल शे का?"

"बैल बरा! तो जोडीमा चालस!"

पार रिकामा झाला. काही पळाले, एक झाडावर चढला आणि तिथून त्याला उतरवलं. हां हां म्हणता टेकडीच्या वाटेला बांधलेल्या जोडप्यांची रांग लागली. कुणीतरी संबळ आणला, तो वाजवणाराही बांधलेला होता, त्यामुळे त्याची बायको त्याच्या तालावर नाइलाजाने डुलत होती. पुढे सगळ्यांच्या मामा आणि मामी. गावाला वाटलं हेच मोठे भक्त. एका म्हाताऱ्याने मामांच्या पाया पडून घेतलं.

देवळाच्या थोडं खाली वाट अरुंद झाली. दोन खडकांच्या मधून एकच माणूस जाईल एवढी फट. मामा-मामी त्यात एकदम शिरले आणि अडकले. मागून लोटन आणि त्याची बायको येऊन धडकली, त्यांच्यावर तिसरी जोडी, मग संबळ.

"आबा, मव्हरे व्हा ना!" मागून ओरडा सुरू झाला. "तुमी मव्हरे व्हा, आक्का मांगे येई!"

मामा घामाघूम झाले. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर सगळं सुटलं असतं. सगळा गाव तेच सांगत होता. त्यांनी मामीकडे बघितलं.

"मी नाई पुढी होनार," मामा म्हणाले.

"आबा, मांगे बठ्ठा गाव दबाई ऱ्हायना!"

"दबू द्या. दोघं जाऊ, नाई तर इथीच राहू."

पोट आत घेऊन, आडवे होऊन, खेकड्यासारखे सरकत दोघं त्या फटीतून बाहेर आली. मामांच्या सदऱ्याचं बटण खडकात राहिलं. वर देवीपुढे सगळ्या जोड्या हात जोडून उभ्या राहिल्या. बायका खुदुखुदु हसत होत्या, पुरुष देवीकडे दयेने बघत होते.

मामा मामीच्या कानाशी लागले. "जमलं ना? पोचलो ना दोघं?"

मामीने देवीला नमस्कार केला आणि पदराची गाठ सोडली.

"बांधलं तर ढोर बी संगे येतं," ती म्हणाली. "आता उतरा. असेच."

मामा म्हणतात, तेवढा अवघड उतार त्यांनी आयुष्यात उतरला नाही. मोकळे पाय. मागून सुटलेले नवरे उताराला लागले ते पळतच सुटले, त्यांच्या बायका त्यांच्यामागे शिव्या देत. मामांच्या पायांनाही ते वारं लागत होतं. ते पावलागणिक मान वळवून बघत होते, मामी आहे ना. आहे. बघितलं. आहे. पुन्हा बघितलं. खाली खाचरांच्या बांधावर आल्यावर त्यांना एकदम सुचलं, आणि न अडखळता, तिच्या तोंडाकडे बघत ते बोलायला लागले.

"त्या दिवशी किल्ल्यावर मी तुले एक बोललो होतो. तू नव्हती तिथी. शेळीले सांगितलं. ते असं होतं की..."

आणि बांध संपला.

मामा भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभे होते. एक चप्पल वर राहिली, एक कायमची गेली. मामी हात द्यायला वाकली, मामांनी हात जोरात धरला, आणि निळ्या लुगड्यासकट मामीही खाली आली. शेताचा मालक बांधावर येऊन उभा राहिला. त्याने दोघांकडे बघितलं, आडव्या झालेल्या भाताकडे बघितलं.

"हाऊ बी नवसच शे का?" त्याने विचारलं.

मामी इतकी हसली, की चिखलातून तिला उठवता येईना. मालकाने ओढून काढलं, अंगणात बसवलं, हौदावर पाय धुवायला लावले, चहा पाजला आणि तुटलेल्या लोंब्या पिशवीत भरून दिल्या. एसटीत सगळे लांब सरकून बसले, त्यामुळे दोघांना ऐसपैस जागा मिळाली.

"शेळीले काय सांगितलं होतं?" मामीने विचारलं.

मामांनी सांगितलं. काय सांगितलं ते मामी मला तपशिलाने सांगत नाही. एवढंच म्हणते, "नीट बोलले. मधात आबाचं नाव बी नाई घेतलं."

"मंग," मामा म्हणाले, "भाऊबीजेनंतर?"

"पाहू."

दिवाळीला दोघं गावी पोचली. एसटीतून उतरून गल्लीतून जोडीने चालत आली, आणि गल्लीतली दारं एकेक करून उघडली. थोरली जाऊ, आबांची बायको, पणती टाकून धावली.

"अवं शेवंता, काय झालं वं? चक्कर आली का? धरून आनलं का यांनी तुले?"

"काही नाई झालं."

"मंग असे शेजारी काब्रं?"

चार दिवस फराळ, पाहुणे, बागेतली कापणी. मामी घरात, माणसांत, हसत-बोलत. मामा मात्र फराळाला बसले की चकली हातात धरून तिच्याकडे बघायचे. विचारायची हिंमत नव्हती. भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी आपली एकट्याची पिशवी भरायला घेतली. जाऊबाई मामीला म्हणत होत्या, "तू राह्य आता. तिकडी त्या डोंगरात काय हाये तुह्यं? रूपाली हाये, मी हाये. त्यायले डबा लावून देऊ."

मामांनी पिशवीची चेन अर्ध्यावर थांबवली.

"नाई वो जाऊबाई," मामी आपली लुगडी काढत म्हणाली. "राह्यता नाई येनार. रविवारी आमाले जायचं हाये."

"कुठी?"

"ते अजून ठरलं नाई."

जाऊबाईंनी एकदा मामीकडे, एकदा पिशवीची चेन पुन्हा पुन्हा ओढणाऱ्या मामांकडे पाहिलं. मग पदर खोचून ओसरीवर आल्या.

"ऐकता का? आपन कधी जायचं हो फिराले?"

ओसरी रिकामी होती. आबा बागेत पाणी पाहायला निघून गेले होते. त्या दिवशी बागेला पाण्याची पाळी नव्हती.